जंतू मेले होते, मग माणूस गेला कसा?

आपल्याकडे घरात मयत झाली की तीन दिवस लोक बसायला येतात. दुआ होते, गेलेल्या माणसाच्या आठवणी निघतात आणि मग कुणीतरी खालच्या आवाजात आजाराचा विषय काढतो. शेवटच्या दिवसांचा हिशेब सुरू होतो. कोणत्या डॉक्टरांना दाखवले, किती खर्च आला, रिपोर्टमध्ये काय होते. अशा बसण्यात एक वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते मला पाठ झाले आहे. "रिपोर्ट तर चांगला आला होता म्हणे, मग माणूस गेला कसा?" या वाक्यात नुसते दुःख नसते, संशयही असतो. तो दूर केला नाही तर पुढच्या आजाऱ्याला भोगावा लागतो.

माझे अब्बा २०१९ च्या हिवाळ्यात गेले. सोलापुरात चाळीस वर्षे यंत्रमागावर उभे राहून काम केलेला माणूस. वय बहात्तर. प्रोस्टेटच्या त्रासामुळे लघवीची नळी घातलेली होती. एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, पुढे बोलणे असंबद्ध होऊ लागले आणि फजरच्या आधीच आम्ही त्यांना दवाखान्यात दाखल केले. लघवीत ई. कोलाय नावाचा जंतू सापडला. तो रक्तातही उतरला होता. प्रतिजैविके लगेच सुरू झाली आणि ती त्या जंतूवर चालणारीच होती. तिसऱ्या दिवशी काढलेल्या रक्ताचा अहवाल पाचव्या दिवशी आला : जंतूंची वाढ नाही. अम्मीने शुक्राच्या दोन रकात पढल्या. त्याच रात्री अब्बांचे मूत्रपिंड बंद पडले. रक्तदाब औषधे देऊनही टिकेना. दुसऱ्या दिवशी असरनंतर ते गेले. डॉक्टर एवढेच म्हणाले, "जंतू आटोक्यात आला होता, पण शरीर सावरलं नाही."

घरी प्रत्येकाने या वाक्याचा आपापला अर्थ लावला. धाकटा भाऊ म्हणाला, नक्कीच कुठलेतरी चुकीचे इंजेक्शन दिले. फुफूअम्मा म्हणाल्या, नजर लागली. मशिदीतले बुजुर्ग म्हणाले, वेळ भरली होती, सब्र करा. तिसरे उत्तर मलाही मान्य आहे. पण तक़दीर मानणारा माणूसही विहिरीला कठडा बांधतोच. चाळिसावा होईपर्यंत मोहल्ल्यात मात्र भावाचेच उत्तर पक्के झाले होते. पुढे काही महिन्यांनी आमच्या गल्लीतल्या एका मधुमेही बाईंच्या पायाला जखम झाली, ताप भरला, तरी त्या दवाखान्यात जायला तयार होईनात. म्हणायच्या, "तिथं नेलं की रिपोर्ट चांगला येतो आणि माणूस जातो." त्यांना नेले तेव्हा उशीर झाला होता. जीव वाचला, पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हा मला वाटले, हा प्रश्न नीट समजून घेतलाच पाहिजे. मी विज्ञानाची शिक्षिका नाही. उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण समजून घेणे आणि समजेल असे सांगणे हा तर माझाच धंदा आहे.

माझी भाची सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिला विचारले, जंतू मेल्यावर माणूस मरतो कशाने? ती म्हणाली, "खाला, जंतू मेला तरी त्याने पाठवलेली पाकिटं रक्तात फिरत असतात. आणि आपल्या पेशींना पाकीट आणि जंतू यांच्यातला फरक कळेलच असं नाही." त्या एका उत्तरामागे मी पुढची दोन वर्षे वाचत राहिले. त्यातून जे समजले ते इथे मांडते आहे.

ई. कोलायसारख्या जंतूंना ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात. त्यांना दोन पापुद्रे असतात. बाहेरचा पापुद्रा जागोजागी फुगतो, फुगवटा गोल होतो आणि सुटून बाहेर पडतो. साबणाच्या पाण्यातून बुडबुडा सुटावा तसा. याला मराठीत पुटिका म्हणतात, इंग्रजीत व्हेसिकल. पुटिका हा शब्द बरोबर आहे, पण वर्गात सांगायला जड. मी मुलांना उर्दूत लिफाफा सांगते आणि मराठीत लखोटा. कारण ही पिशवी रिकामी नसते. तिच्या कातडीवर जंतूच्या बाहेरच्या पापुद्र्यातलीच प्रथिने आणि चरबी-साखरेचे रेणू असतात. आत विषे, वितंचके, कधी डीएनए-आरएनएचे तुकडेही असतात. म्हणजे लखोट्यावर पाठवणाऱ्याचा शिक्का आणि आत त्याचा माल. जिवंत जंतू मात्र त्यात नसतो.

आकार किती? साधारण २० ते २५० नॅनोमीटर. माणसाचा एक केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. १०० नॅनोमीटरचे लखोटे केसाच्या रुंदीवर ओळीने मांडले तर आठशे मावतील. द्रवातले जंतू काढून टाकण्यासाठी प्रयोगशाळेत २२० नॅनोमीटर भोकांची गाळणी वापरतात. जंतू वर अडकतात आणि बहुतेक लखोटे खाली उतरतात. गाळलेला द्रव जंतूमुक्त असतो, पण जंतूंच्या टपालापासून मुक्त नसतो.

या गोष्टीचा एक धागा आपल्या देशात आहे. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू वेगळा करून दाखवला. त्यानंतर पाऊण शतक गेले. १९५९ मध्ये त्याच शहरातल्या शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जंतू वाढवलेला द्रव गाळून जंतूमुक्त केला, तो सशाच्या आतड्यात सोडला आणि आतडे पाण्याने फुगले. जंतू नसताना जंतूचे विष काम करते, हे त्यांनी सिद्ध केले. आणखी आठ वर्षांनी, १९६७ मध्ये, चॅटर्जी आणि दास या दोन भारतीय संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कॉलऱ्याच्या जंतूच्या पापुद्र्यातून फुगवटे निघून सुटताना पाहिले आणि हा जंतूचा एक प्रकारचा स्राव आहे असे मांडले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ई. कोलायबद्दलही असेच दिसले होते. बराच काळ अनेकांना हा निव्वळ कचरा वाटला. मरणाऱ्या जंतूच्या कातडीचे टवके. पण धडधाकट जंतूही हे लखोटे सतत सोडत असतात.

आता लखोटा पोचतो तिथे काय होते ते पाहू. आपल्या रक्तात आणि ऊतींमध्ये पहारेकरी पेशी असतात : मोनोसाइट, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल. मॅक्रोफेज पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर टीएलआर-४ नावाचा एक ग्राहक असतो. घराच्या दारावरच्या कडीसारखा. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या पापुद्र्यात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो. त्यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. या रेणूने कडी वाजवली की पेशी बोंब ठोकते. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी संदेशवाहक प्रथिने बाहेर पडतात, ताप चढतो, रक्तवाहिन्या सैल होतात, आणखी पेशी धावून येतात. ही कडी कुणाची हे १९९८ मध्ये ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने शोधले आणि २०११ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला.

लखोट्याची खरी करामत याच्या पुढची आहे. एंडोटॉक्सिनचा सुटा रेणू दाराबाहेर कडी वाजवतो, पण घरात शिरणे त्याला कठीण जाते. लखोटा मात्र पेशी गिळते आणि त्यातून तो रेणू थेट पेशीच्या आतल्या भागात पोचतो. तिथे दुसरा पहारा असतो, माणसात कॅस्पेज-४ नावाचा. उंदरात त्याचा भाऊबंद कॅस्पेज-११. ई. कोलायचे लखोटे एंडोटॉक्सिनला पेशीच्या आत नेऊन हा दुसरा पहारा जागा करतात, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. हा पहारा जागा झाला की पेशी स्वतःच्या भिंतीला भोके पाडते, फुगते आणि फुटते. आतली प्रक्षोभक द्रव्ये बाहेर सांडतात. एक पेशी अशी फुटली तर शरीराचा फायदाच आहे. शत्रू लपलेले घरच जाळून टाकल्यासारखे ते आहे. पण एकाच वेळी हजारो घरे पेटली तर तो बचाव राहत नाही. गावच जळते.

२०१० मध्ये कोरियातल्या संशोधकांनी ई. कोलायचे फक्त लखोटे, जंतू नव्हे, उंदरांच्या पोटात टोचले. उंदरांमध्ये सेप्सिससारखी सगळी लक्षणे दिसली आणि मात्रा वाढवल्यावर उंदीर मेलेही. मेंदूच्या आवरणाचा ताप आणणारा मेनिंगोकॉकस तर लखोटे सोडण्यात भलताच उधळा आहे. तो एंडोटॉक्सिन फुगवट्यांच्या रूपात सोडतो हे १९७३ मध्येच लिहिले गेले आणि पुढे या रोगाने दगावलेल्या रुग्णाच्या रक्तातही असे फुगवटे दिसले.

हे वाचल्यावर डॉक्टरांचे ते वाक्य मला वेगळे ऐकू येऊ लागले. २०१६ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी सेप्सिसची नवी व्याख्या केली. तिचा आशय असा की संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद ताळ सोडतो, त्यातून अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो. व्याख्येचा भर जंतूच्या संख्येवर नाही, आपल्या प्रतिसादावर आहे. रक्ताच्या अहवालात 'वाढ नाही' असे येते तेव्हा त्याचा अर्थ बाटलीत जिवंत जंतू वाढला नाही, एवढाच. लखोटे किती फिरत आहेत आणि आपल्या पेशी किती पेटल्या आहेत, हे तो अहवाल सांगत नाही. अब्बांच्या रक्तातले लखोटे कुणी मोजले नाहीत, दवाखान्यात ते मोजतही नाहीत. त्यामुळे त्यांच्या बाबतीत लखोट्यांचा वाटा किती होता याचा आकडा मी सांगणार नाही. पण 'रिपोर्ट चांगला आणि माणूस गेला' यात लबाडी असलीच पाहिजे, हे मात्र खरे नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

भावाला हे सांगितले तेव्हा त्याने लगेच विचारले, "मग ती कडी बंद करणारं औषध का देत नाहीत?" प्रश्न शहाणपणाचा होता. असे औषध बनवलेही होते. एरिटोरान नावाचे. टीएलआर-४ ची कडी अडवून धरणारे. सेप्सिसच्या जवळजवळ दोन हजार रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला : मृत्यू कमी झाले नाहीत. पहारा एकच नसतो. एक बंद केला तरी दुसरे जागे असतात, आणि रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत आग बरीच पसरलेली असते. उलटही घडते. एंडोटॉक्सिनचा मारा झेललेल्या पेशी पुढे थकल्यासारख्या होतात, दुसऱ्या माऱ्याला त्या फारसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून सेप्सिसमधून वाचलेल्या माणसाला पुढे दुसरा संसर्ग पटकन गाठू शकतो. एकाच आजारात आधी अतिरेक आणि मग गळाठा. औषध शोधणाऱ्यांचे काम यानेच अवघड केले आहे.

त्याचा पुढचा प्रश्न जास्त धोक्याचा होता. "प्रतिजैविकांनी जंतू मारले म्हणूनच विष सांडलं का?" काही प्रतिजैविकांच्या माऱ्याने जंतू जास्त लखोटे सोडतात हे प्रयोगशाळेत दिसले आहे. जेंटामायसिनबाबत असे १९९५ मध्येच नोंदवले गेले. पण यावरून औषध नको असा अर्थ काढणे म्हणजे बंबाच्या पाण्याने भिंती भिजतात म्हणून आग जळू देणे. जिवंत राहिलेला जंतू दुप्पट-चौपट होत राहतो आणि लखोटेही सोडतच राहतो. सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळत असेल तर प्रतिजैविक शक्यतो तासाभरात द्यावे, असे जगभरचे मार्गदर्शन सांगते. भाऊ त्यावर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनी दिलं ते बरोबरच होतं." मी म्हटले, हो. त्या दिवसापासून त्याच्या तोंडून 'चुकीचं इंजेक्शन' हे शब्द मी ऐकलेले नाहीत.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की हे लखोटे म्हणजे नुसती आफत. तसे नाही. आपल्या आतड्यात राहणारे जंतूही लखोटे पाठवतात, पण त्यात वेगळा मजकूर असतो. बॅक्टेरॉइडीस फ्रॅजिलिस नावाच्या जंतूच्या लखोट्यात एक खास साखर असते. आतड्याच्या भिंतीतल्या डेंड्रायटिक पेशी हा लखोटा उचलतात आणि शांतता राखणाऱ्या टी-पेशी तयार करवतात. या लखोट्यांनी उंदरांचे आतड्याच्या सुजेपासून रक्षण होते. २०१६ मध्ये यात आणखी भर पडली. क्रोन्सच्या आजाराशी जोडलेला एक जनुकीय बदल ज्या माणसांत असतो, त्यांच्या पेशींना हा शांततेचा मजकूर नीट वाचता येत नाही. भाषा शिकवणाऱ्या बाईला यात काय दिसले असेल ते सांगायला नको. पत्र चांगले असून भागत नाही, वाचणाऱ्यालाही अक्षर लागावे लागते.

आणि लखोट्याचा तिसरा उपयोग तर आपल्या समाजाच्या अगदी जवळून जातो. हजला जाणाऱ्या प्रत्येकाला मेनिंजायटिसची लस घ्यावी लागते, मक्केला पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी. ही सक्ती उगाच नाही. १९८७ च्या हजमध्ये मेनिंगोकॉकसच्या ए गटाची साथ आली. २००० आणि २००१ मध्ये डब्ल्यू-१३५ गटाची आली, आणि हाजींबरोबर ती अनेक देशांत पोचली. त्यानंतर ए, सी, डब्ल्यू आणि वाय अशा चार गटांची लस बंधनकारक झाली. ही लस जंतूच्या भोवतालच्या साखरेच्या कवचापासून बनते. पेशींना ते कवच ओळखायला शिकवले जाते.

या यादीत बी गट नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. बी गटाच्या जंतूचे कवच लबाड आहे. त्याची साखर आपल्या स्वतःच्या मज्जापेशींवरच्या साखरेसारखीच असते. शरीर तिला परके मानत नाही, आणि मानायला शिकवणेही धोक्याचे. मग वाट निघाली ती लखोट्यातून. कवच सोडून द्यायचे आणि जंतूचा लखोटाच पेशींना दाखवायचा, कारण त्यावर जंतूची खरी प्रथिने जशीच्या तशी असतात. एंडोटॉक्सिन मात्र आधी कमी करावे लागते. त्यासाठी पित्तात असतो तशा एका क्षाराने लखोटे धुतात. बहुतेक विष निघून जाते, थोडे उरते. पेशी जागी व्हावी इतके. घर पेटावे इतके नव्हे.

नॉर्वे आणि क्यूबा यांनी ही वाट आधी धरली. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून बी गटाची साथ सुरू होती. माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या कुटुंबांतली मुले तिच्यात सर्वांत जास्त सापडत होती. २००४ पासून तिथे लखोट्यांची लस द्यायला सुरुवात झाली आणि वीस वर्षांखालच्या दहा लाखांहून अधिक मुला-तरुणांनी ती घेतली. पुढे २०१७ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. ही लस घेतलेल्यांमध्ये गोनोरिया म्हणजे परमा होण्याचे प्रमाणही सुमारे ३१ टक्क्यांनी कमी दिसले. परम्याचा जंतू मेनिंगोकॉकसचा जवळचा नातेवाईक आहे. एकाचे लखोटे वाचून पेशी दुसऱ्याचे अक्षर ओळखायला शिकल्या असाव्यात. न्यूझीलंडच्या त्याच लखोट्यांचा समावेश असलेली लस २०१३ पासून युरोपात वापरात आहे.

म्हणजे वस्तू एकच. रक्तात अफाट संख्येने घुसली तर मारते, आतड्यात योग्य जंतूकडून आली तर शांत करते, आणि धुऊन मोजून दिली तर शिकवते. लखोट्यात काय आहे, किती आहेत, कुठे पोचले आणि कोणत्या पेशीने उघडले, यावर सगळे ठरते. म्हणूनच लस टोचल्यावर एक-दोन दिवस अंग दुखले, ताप आला, तर मी घरच्यांना सांगते, पेशी धडा वाचत आहेत. आणि म्हातारे माणूस तापात एकाएकी असंबद्ध बोलू लागले, श्वास जोरात चालू लागला, लघवी कमी झाली, हातपाय थंड पडले किंवा कातडीवर चट्टे दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि १ कोटी १० लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. यातल्या किती घरांत आमच्यासारखे बसणे झाले असेल आणि किती ठिकाणी तेच वाक्य निघाले असेल!

गेल्या वर्षी गल्लीतल्या त्याच बाईंच्या दुसऱ्या पायाला फोड आला. कुबडी टेकत त्या आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "बेटी, रिक्षा बोलव. ताप चढायच्या आधीच जाते." रिक्षात बसताना त्यांनी मला बजावले, "रिपोर्ट चांगला आला तरी मला लगेच घरी आणू नका. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस राहते." त्या आठ दिवस राहिल्या आणि दोन काठ्यांच्या आधाराने, पण पायावर चालत, घरी आल्या.